नागराज सगळ्यांनी वाचला, विकत घेतला कुणी?

हिंदी कॉमिक्सच्या चाहत्यांच्या एखाद्या ग्रुपवर 1980च्या दशकातल्या नागराजच्या अंकाचा विषय निघतो. मूळ छपाईतला तो अंक दुकानांतून दिसेनासा होऊन कित्येक वर्षं लोटली आहेत. तरीही कॉलेजात जाणारा एखादा मुलगा अमक्या पानावर खलनायक काय म्हणतो, हे धडाधड सांगून मोकळा होतो. अंक निघाला तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. त्याच्या घरात ती प्रत नाही आणि गल्लीत भाड्याने कॉमिक देणारं दुकानही आता उरलेलं नाही. त्याने तो अंक मोबाइलवर वाचला आहे, कुणीतरी स्कॅन करून टाकलेल्या पीडीएफमध्ये.

त्याच ग्रुपवर एका नव्या मालिकेचा ताजा भाग येतो. ज्यांनी तो विकत घेतला ते मुखपृष्ठाचे फोटो टाकतात आणि लगेच खाली विचारणा सुरू होते: "भाई, स्कॅन आया क्या?" "कोई लिंक दे दो." स्कॅन येतो. दोन दिवस चर्चा रंगते. मग पुढच्या भागाची वाट पाहणं सुरू होतं आणि तो भाग लांबत जातो.

दोन्हीकडे घडलं ते एकच, छापील कॉमिकची परवानगीशिवाय प्रत निघाली आणि ती फुकट वाटली गेली. पण पहिल्या वेळी एका विस्मरणात चाललेल्या कॉमिकला नवा वाचक मिळाला, तर दुसऱ्या वेळी चालू मालिकेचं पाऊल अडखळलं. एकाच गोष्टीचे दोन उलटे परिणाम कसे होतात, हे समजून घ्यायचं तर दिल्लीच्या कॉमिक्स व्यवसायाकडे पाहावं लागतं.

बुराडीचा प्रकाशक, पुण्याचा चित्रकार

देशातल्या हिंदी कॉमिक्सचा मोठा भाग दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यातून निघाला. मायापुरी समूहाचं 'लोटपोट' हे मुलांचं नियतकालिक 1969मध्ये दिल्लीत सुरू झालं. त्यातूनच चित्रकार प्राण यांचे चाचा चौधरी घराघरात पोचले. 1978मध्ये डायमंड कॉमिक्सची सुरुवात झाली. दिल्लीत मनोज कॉमिक्स, मेरठमध्ये तुलसी कॉमिक्स आणि दिल्लीच्या उत्तर टोकाला बुराडीत राजा पॉकेट बुक्सचं राज कॉमिक्स अशी ही फळी होती. 1986मध्ये राज कॉमिक्सने सापांची शक्ती असलेला नायक नागराज आणला आणि 1987मध्ये अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव. पुढे मुंबईत वावरणारा डोगा आला.

या दिल्लीच्या व्यवसायात मराठी हातही होते. नागराजचं पहिलं कॉमिक मेरठचे परशुराम शर्मा यांनी लिहिलं आणि पुण्याचे प्रताप मुळीक यांनी चितारलं. अमर चित्र कथेतल्या चित्रांमुळे मराठी घरांना मुळीकांची रेषा आधीच ओळखीची होती. अमर चित्र कथेसाठीच काम केलेल्या दिलीप कदम यांनी पुढे राज कॉमिक्ससाठी भोकाल हा नायक रंगवला. कथा उत्तरेत लिहिली जाई, चित्रं पुण्यात काढली जात, अंक छापून दिल्लीतून देशभर जात आणि महाराष्ट्रातल्या रेल्वे स्टेशनांवरच्या स्टॉलांवरही टांगले जात.

पुढे ही फळी विरळ झाली. त्याचं सगळं खापर पायरसीवर फोडणं मात्र चूक ठरेल. टाइम्स ऑफ इंडिया समूहाचं इंद्रजाल कॉमिक्स 1964मध्ये सुरू झालं आणि 1990मध्ये बंद पडलं. मराठीतही निघणाऱ्या या कॉमिक्सनी वेताळ आणि मॅन्ड्रेक हे नायक आपल्याकडे लोकप्रिय केले. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागलं ते 15 ऑगस्ट 1995पासून. म्हणजे इंद्रजाल बंद झालं तेव्हा ऑनलाइन चोरीचा प्रश्नच नव्हता. 1990च्या दशकात केबल टीव्ही घराघरात आला, त्यामागोमाग व्हिडिओ गेम आले आणि मुलांची दुपार वाटली गेली. भाड्याची दुकानं एकेक करून बंद झाली. पायरसी आली ती आधीच आकसलेल्या बाजारात. म्हणूनच तिचा घाव जास्त लागला.

भाड्याने वाचणं आणि फुकट वाचणं

इथे एक शंका येते. पूर्वीही एकच कॉमिक पन्नास जण वाचायचे. गल्लीतल्या दुकानात दोरीवर कॉमिक्स लटकत असत. आठ आणे किंवा रुपया दिला की दिवसभरासाठी एक घरी नेता येई. त्या भाड्यातला पैसाही प्रकाशकाला मिळत नव्हता. मग पीडीएफने वेगळं काय बिघडवलं?

पहिला फरक खरेदीचा. भाड्याने देणारा दुकानदार आधी प्रत विकत घ्यायचा. लोकप्रिय अंक असेल तर तीन-चार प्रती घ्यायचा, कारण एकीवर भागत नसे. अशी हजारो दुकानं हेच प्रकाशकांचं पक्कं गिऱ्हाईक होतं.

दुसरा फरक झिजण्याचा. वर्तमानपत्री कागद, दोन पिना आणि दर दिवशी नवे हात. काही महिन्यांत मुखपृष्ठ सुटायचं, मधलं पान गळायचं. मग दुकानदार नवी प्रत आणायचा. वाचन वाढलं की विक्रीही वाढायची. पीडीएफ झिजत नाही. पहिला वाचक आणि दहा हजारावा वाचक, दोघांच्या हाती सारखीच फाइल येते आणि तिच्यासाठी दुसरी प्रत कधीच विकत घेतली जात नाही.

तिसरा फरक कायद्याचा. विकत घेतलेली छापील प्रत वाचकाने कुणाला द्यावी, विकावी किंवा भाड्याने द्यावी, याला भारतीय कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही, कारण प्रतींची संख्या तेवढीच राहते. दिल्लीतल्या दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तक बाजारात जुनी कॉमिक्स वर्षानुवर्षं विकली गेली. 2019मध्ये हा बाजार पदपथावरून महिला हाटमध्ये हलवला गेला, तरी त्या विक्रीत काही गैर नाही. स्कॅन करणारा मात्र नवी प्रत बनवतो, आणि प्रत बनवण्याचा हक्क प्रकाशकाचा किंवा लेखक-चित्रकाराचा असतो.

एका प्रतीच्या लाख प्रती

स्कॅन करणं हे बऱ्यापैकी चिकाटीचं काम आहे. आधी पिना काढून पानं सुटी करतात. कागद पातळ असल्यामुळे मागच्या पानाची छपाई पुढे डोकावते, म्हणून स्कॅनरवर पानामागे काळा कागद ठेवतात. मग संगणकावर पिवळा पडलेला कागद पांढरा करतात. या भरात रंग अनेकदा भडक होतात आणि नागराजचा गडद हिरवा रंग पोपटी होऊन बसतो. जुन्या छपाईत रंग बारीक ठिपक्यांनी उमटवलेले असतात. त्या ठिपक्यांची जाळी स्क्रीनवर विचित्र पट्टे दाखवते, म्हणून तीही पुसट करतात. पुसता पुसता चित्रकाराच्या नाजूक रेषाही बोथट होतात.

मग पानांची एकच फाइल होते, पीडीएफ किंवा सीबीझेड. सीबीझेड म्हणजे चित्रांची गुंडाळी केलेली साधी झिप फाइल, फक्त नाव बदललेलं, म्हणजे कॉमिक वाचायचं अॅप ती ओळखून पानं ओळीने दाखवतं. एक पान साधारण एक एमबीचं धरलं तर 32 पानांचं कॉमिक 30 एमबीच्या घरात जातं. टेलिग्रामवर दोन जीबीपर्यंतची फाइल एका वेळी टाकता येते आणि चॅनेलच्या सदस्यसंख्येला मर्यादा नाही. म्हणजे एका प्रकाशकाचं अनेक वर्षांचं काम एका चॅनेलवर सहज मावतं.

बहुतेक चाहते पैशासाठी स्कॅन करत नाहीत, आवडीने करतात. पण फाइल एकदा बाहेर पडली की ती जाहिरातींवर चालणाऱ्या साइटवाल्यांच्याही हाती जाते. तिथे दर क्लिकला पैसे मिळतात, मात्र चित्रकाराला त्यातला रुपयाही मिळत नाही. पुष्कळ स्कॅनमध्ये श्रेयनामावलीचं पान गाळलेलं असतं आणि त्याऐवजी प्रत्येक पानावर स्कॅन करणाऱ्याचं नाव उमटवलेलं असतं. हे नुकसान पैशात मोजता येत नाही. पोरं नागराज ओळखतात, मुळीक ओळखत नाहीत.

पुढच्या भागाचा पैसा येतो कुठून?

कॉमिकचा खर्च दोन प्रकारचा असतो. कथा, पेन्सिल, शाई, रंग आणि अक्षरलेखन हा खर्च एक प्रत छापली तरी तेवढाच आणि दहा हजार छापल्या तरी तेवढाच. कागद, छपाई आणि वितरण हा खर्च प्रतींप्रमाणे वाढतो.

समजा, पहिल्या प्रकारचा खर्च दीड लाख रुपये आहे. तीन हजार प्रती खपल्या तर तो दर प्रतीवर 50 रुपये पडतो. हजारच खपल्या तर 150 रुपये. म्हणजे दोन हजार वाचक पीडीएफकडे वळले की उरलेल्या हजारांसाठी प्रत शंभर रुपयांनी महागते. महागली की त्यांतलेही काही जण पीडीएफ शोधू लागतात. छोट्या बाजारात हे चक्र फार लवकर फिरतं. मोठ्या अमेरिकी प्रकाशकाला चित्रपट, खेळणी आणि कपड्यांवरच्या छापांतून पैसे येतात. दिल्लीच्या छोट्या प्रकाशकाजवळ अंकाची विक्री हीच कमाई असते.

चालू मालिकेचा हिशेब भिशीसारखा असतो. महिन्याला सगळ्यांनी वर्गणी भरली तरच पुढच्या महिन्याचा डाव लागतो. पहिल्या भागाच्या विक्रीतून दुसऱ्या भागाच्या चित्रकाराचं मानधन निघतं आणि दुसऱ्याच्या विक्रीतून तिसऱ्याचं. भिशीतल्या निम्म्या लोकांनी वर्गणी न भरता फक्त डाव उचलायचं ठरवलं तर काय होईल, ते सांगायला नको. कॉमिकमध्ये मात्र ही तूट लगेच दिसत नाही, कारण फुकट वाचणाऱ्यालाही गोष्ट पूर्ण मिळते. ती दिसते सहा महिन्यांनी, पुढचा भाग आला नाही की.

म्हणून प्रत्येक डाउनलोड म्हणजे बुडालेली विक्री, हा हिशेब बरोबर नाही आणि डाउनलोडने काहीच बुडत नाही, हाही नाही. डाउनलोड करणारे तीन प्रकारचे असतात. काहींनी एरवी अंक विकत घेतला असता. काहींना तो हवा होता, पण कुठे मिळतच नव्हता. काही जण फुकट आहे म्हणून नुसतं चाळतात. प्रकाशकाचं नुकसान पहिल्या गटामुळे होतं. त्या गटाचा आकार कॉमिक नवं आहे की जुनं, यावर ठरतो.

जपानने मोजून पाहिलं

हा फरक नुसता तर्काचा नाही. जपानमध्ये 2015 साली पायरसीविरोधी मोहिमेत मांगांच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या, बेकायदा प्रती मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या. केओ विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ तात्सुओ तानाका यांनी ही संधी साधली. फाइल गायब झाल्यावर छापील विक्रीचं काय होतं, हे त्यांनी 3,360 खंडांवर तपासलं. 2016मध्ये मांडलेला निष्कर्ष असा होता: चालू मालिकांची विक्री पायरसीमुळे घटते, पण संपलेल्या मालिकांची विक्री पायरसीमुळे वाढते.

कारण सरळ आहे. चालू मालिकेला जाहिरातीची गरज नसते, वाचक तिची वाटच पाहत असतो. त्याला फुकट भाग मिळाला की खरेदी टळते. संपलेली मालिका मात्र विस्मरणात जात असते. फुकट प्रत तिची आठवण ताजी करते आणि आवडल्यावर काही जण पूर्ण संच विकत घेतात. यात एक अट मात्र आहे. तो संच बाजारात मिळत असायला हवा. भारतात नेमकं इथेच घोडं अडलं. मराठी इंद्रजालचा अंक पीडीएफमध्ये वाचून एखाद्याला तो विकत घ्यावासा वाटला, तरी ते कॉमिक आज छापलंच जात नाही. वाढलेल्या आवडीचा पैसा मूळ प्रकाशकाकडे न जाता जुन्या प्रती जमवणाऱ्यांच्या व्यवहारात फिरतो.

फुकट वाचनाचं पारडं किती जड होऊ शकतं, तेही जपाननेच पाहिलं. 'मांगामुरा' ही प्रचंड लोकप्रिय चोरटी साइट एप्रिल 2018मध्ये बंद पडली. तिच्या चालकाला 2021मध्ये तीन वर्षांची कैद झाली. 2024मध्ये टोकियोच्या न्यायालयाने त्याला तीन मोठ्या प्रकाशकांना सुमारे 1.7 अब्ज येन भरपाई देण्याचा आदेश दिला.

गप्पांचं काय होतं?

कॉमिक वाचून संपतं अर्ध्या तासात. त्यावरचं बोलणं वर्षानुवर्षं चालतं. ध्रुवकडे कुठलीच अद्भुत शक्ती नाही, तरी तो नागराजच्या बरोबरीने कसा उभा राहतो? डोगाचं वागणं न्यायाचं की सुडाचं? या वादांनीच चाहत्यांचा समाज बांधला जातो, आणि पायरसीने या बोलण्याचा पोत तीन प्रकारे बदलला.

एक, बोलणाऱ्यांचा परिसर वाढला. पूर्वी ज्याच्या गावात दुकान होतं त्यालाच गप्पांत शिरता येई. आता दुबईतला मराठी इंजिनियर, गोरखपूरचा विद्यार्थी आणि नोएडातला नोकरदार एकाच अंकावर बोलतात. जुन्या कॉमिक्सबाबत हा मोठा फायदा आहे. कुठल्या अंकाला चित्रं कुणाची, कोणती कथा कुठून सुरू झाली, याच्या याद्या चाहत्यांनीच घातल्या. पुष्कळ जुन्या कॉमिक्सची नीट नोंद कुठल्याही सार्वजनिक ग्रंथालयात नाही. ती आहे ती याच लोकांकडे.

दोन, वेळेचं गणित बिघडलं. मालिकेची चर्चा रंगते ती सगळे एकाच पायरीवर असताना. अंक मागवणाऱ्याला तो टपालाने किंवा कुरिअरने यायला काही दिवस लागतात. स्कॅन त्याच्या आधी आला की फुकट वाचणारा रहस्य फोडून मोकळा होतो आणि पैसे मोजणाऱ्याच्या हाती शिळी गोष्ट पडते. प्रामाणिक वाचकालाच शिक्षा झाल्यासारखं होतं. पुढच्या वेळी तोही म्हणतो, आपणच का थांबायचं?

तीन, बोलण्याचा विषय सरकला. कथा बाजूला राहून लिंकची देवाणघेवाण सुरू होते. "कसं वाटलं?" पेक्षा "कुठे मिळेल?" जास्त ऐकू येतं. पीडीएफ शेकड्याने जमतात, वाचल्या जातात मोजक्या. न वाचलेल्या कॉमिकवर कुणी वाद घालत नाही. हे ओळखून बऱ्याच ग्रुपांनी स्वतःच नियम केले आहेत: बाजारात उपलब्ध असलेल्या अंकाचा स्कॅन मागायचा नाही आणि टाकायचाही नाही. ज्या ग्रुपांवर हा नियम पाळला जातो, तिथे गोष्टीवर बोलायला जागा राहते.

चर्चा विक्रीला कशी मदत करते, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. 2010मध्ये चित्रकार स्टीव्ह लीबर यांना त्यांचं 'अंडरग्राउंड' हे कॉमिक पूर्णच्या पूर्ण एका सार्वजनिक चर्चास्थळावर टाकलेलं आढळलं. त्यांनी धमकी दिली नाही. ते स्वतः त्या चर्चेत उतरले, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. पुढच्याच दिवशी त्यांच्या ऑनलाइन दुकानातली विक्री एकदम उसळली. इथे दोन गोष्टी जुळल्या होत्या. मालिका पूर्ण झालेली होती आणि बोलणं चालू असतानाच पुस्तक विकत घेण्याची सोय होती. यांतली एक जरी नसती, तरी निकाल वेगळा लागला असता.

दिल्ली उच्च न्यायालयात

कॉमिक्सच्या हक्कांचा एक गाजलेला खटला दिल्लीतच लढला गेला. 1990च्या दशकात राजा पॉकेट बुक्सने राधा पॉकेट बुक्सविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. नागराजसारखाच हिरवा, सापांची शक्ती असलेला 'नागेश' बाजारात आला होता. न्यायालयाने नागराजच्या बाजूने मनाई हुकूम दिला. काल्पनिक पात्राच्या रूपालाही संरक्षण मिळू शकतं, हे भारतात ठसवणाऱ्या खटल्यांत त्याचा उल्लेख होतो.

त्या लढाईत समोर नाव-पत्ता असलेला प्रकाशक होता. ऑनलाइन पायरसीत तो नसतो. एक साइट बंद केली की दुसऱ्या दिवशी नाव किंचित बदलून तीच साइट उघडते. यावर दिल्ली उच्च न्यायालयाने 10 एप्रिल 2019 रोजी चित्रपटांच्या एका खटल्यात वेगळा मार्ग काढला. मूळ साइटविरुद्धचा हुकूम तिच्या पुढे उगवणाऱ्या नकलांनाही लागू करता येईल आणि त्यासाठी दरवेळी नवा खटला लागणार नाही, अशी ती व्यवस्था होती. मे 2020मध्ये जागरण प्रकाशनच्या ई-पेपरच्या पीडीएफ टेलिग्राम चॅनेलवर वाटल्या जात असल्याच्या तक्रारीवर याच न्यायालयाने ती चॅनेल हटवण्याचा आणि चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला. ऑगस्ट 2022मध्ये कोचिंगच्या पुस्तकांच्या प्रकरणातही तसाच आदेश झाला. कॉमिक्सची पीडीएफ याच वाटेने फिरते, त्यामुळे हे निकाल कॉमिक्सच्या प्रकाशकांच्याही उपयोगाचे आहेत.

शिक्षा कागदावर कडक आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63नुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय ही शिक्षा कमी करू शकतं. पण हजार-दोन हजार प्रती काढणाऱ्या प्रकाशकाला वकील परवडतोच असं नाही. आणि चोरी करणारा बहुधा त्याचाच सर्वांत वेडा चाहता असतो.

चाहत्यांनी एक गोष्ट मात्र निर्धास्तपणे लक्षात ठेवावी. समीक्षा किंवा परीक्षण करताना एखादी चौकट किंवा एखादं पान दाखवायला कलम 52 मोकळीक देतं. चर्चेला संपूर्ण पीडीएफची गरज नसते.

कशाचा उपयोग होतो?

पायरसी कुठे ओसरते, ते पाहिलं तर दोन ठिकाणं दिसतात. पहिलं, वाट पाहण्याचा काळ जिथे संपतो. जपानच्या शूएशा प्रकाशनाने जानेवारी 2019मध्ये 'मांगा प्लस' सुरू केलं. जपानमध्ये नवं प्रकरण निघालं की त्याच वेळी ते इंग्रजीत भारतातही वाचता येऊ लागलं. ताजी प्रकरणं फुकट आहेत. त्यामुळे चोरटं भाषांतर शोधण्याचं मोठं कारणच नाहीसं झालं, आणि चर्चा अधिकृत प्रकरणावर, एकाच दिवशी होऊ लागली.

दुसरं, जुनी कॉमिक्स जिथे पुन्हा हाती येतात. राज कॉमिक्सचे संस्थापक राजकुमार गुप्ता यांच्या निधनानंतर संजय, मनोज आणि मनीष या तिघा भावांनी आपापल्या नावाने प्रकाशन वेगवेगळं चालवायला घेतलं आणि जुन्या अंकांच्या नव्या आवृत्त्या, संग्राहकांसाठीचे जाड संच निघू लागले. त्यांतल्या बऱ्याच गोष्टींचे स्कॅन वर्षानुवर्षं फुकट फिरत होते. तरीही लोक आगाऊ नोंदणी करून संच घेतात. स्कॅनवर गोष्ट वाचता येते, पण नीट छापलेली रेष, मूळचा रंग आणि कपाटातली जागा स्कॅन देत नाही. आगाऊ नोंदणीमुळे किती छापायचं याचा अंदाज येतो आणि गठ्ठे पडून राहत नाहीत.

याशिवाय प्रत्यक्ष भेटही कामी येते. फेब्रुवारी 2011मध्ये दिल्ली हाटमध्ये भारतातलं पहिलं कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सचा मेळावा, भरलं. तिथे प्रकाशक आणि चित्रकार थेट टेबलापलीकडे उभे राहिले. सही घेऊन, हात मिळवून घेतलेल्या कॉमिकचा स्कॅन टाकताना माणूस दोनदा विचार करतो.

---

चौकट: थोडक्यात

- हिंदी कॉमिक्सचा बाजार आकसला तो टीव्ही आणि व्हिडिओ गेममुळे, भाड्याची दुकानं बंद झाल्यामुळे. पायरसी नंतर आली.
- भाड्याच्या प्रती झिजत, म्हणून पुन्हा विकत घेतल्या जात. पीडीएफ झिजत नाही.
- चालू मालिकेचं पायरसीने नुकसान होतं. संपलेल्या मालिकेला फायदा होऊ शकतो, पण ती बाजारात मिळत असेल तरच.
- स्कॅनमुळे जुन्या कॉमिक्सच्या चर्चेत दूरदूरचे लोक आले. ताज्या कॉमिक्सच्या चर्चेत मात्र रहस्यफोड आणि लिंकची मागणी वाढली.
- पूर्ण अंक टाकणं बेकायदा आहे. परीक्षणासाठी एखादी चौकट दाखवायला कायद्याची मुभा आहे.

---

सगळी पायरसी एकाच मापाने मोजली की प्रकाशक आपल्याच चाहत्यांशी भांडत बसतात आणि चाहते आपल्याच आवडत्या मालिकेचा गळा आवळतात. ताजा अंक आणि तीस वर्षांपूर्वी छपाई थांबलेला अंक यांचा न्याय वेगवेगळा करायला हवा. जुनी कॉमिक्स पुन्हा छापून किंवा वाजवी दरात डिजिटल रूपात आणून चोरट्या प्रतींचं कारणच संपवणं ही प्रकाशकांची जबाबदारी आहे. मराठी इंद्रजालसारख्या मालिकांत हे सोपं नाही. वेताळ या पात्राचे हक्क अमेरिकेतल्या किंग फीचर्स या कंपनीकडे आहेत आणि मराठी अंक काढले होते टाइम्सने. दोघांनी मिळून पाऊल उचललं तरच ती पानं पुन्हा छापील रूपात दिसतील, आणि तशी मागणी मराठी वाचकांनीच लावून धरली पाहिजे.

वाचकांच्या हाती असलेलं काम त्याहून सोपं आहे. एखाद्या कॉमिकची लिंक मागण्याआधी ते विकत मिळतं का, हे पाहावं. मिळत असेल तर घ्यावं, निदान चालू मालिकेचा ताजा भाग तरी. ग्रुपवर चौकट टाकताना खाली लेखक, चित्रकार, रंगकार आणि प्रकाशक यांची नावं लिहावीत. घरात जुने मराठी अंक असतील तर रद्दीत देण्याआधी त्यांची यादी करून ठेवावी आणि पुनर्मुद्रण करू पाहणाऱ्या प्रकाशकाला मूळ प्रत लागली तर ती जरूर द्यावी.